पुराचं पाणी ओसरतं, भीती मात्र राहते : मनाचे घाव ओळखणारं नर्सिंग आणि त्यातलं करिअर

कोल्हापूर : जुलैचा पाऊस लागला की करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पहिला प्रश्न एकच असतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली? पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांना हे आकडे पाठ आहेत.

समजा, अशाच एका दिवशी आरोग्य केंद्रात एक बाई येते. "सिस्टर, छातीत धडधडतंय, रातीला झोप लागंना." बीपी बघितलं, ठीक. ईसीजी काढला, तोही ठीक. "काय नाही आक्का, टेन्शन घेऊ नका," म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी आक्का पुन्हा हजर. आता घरातलेच म्हणतात, "हिची नाटकं चालल्यात."

पण ती नाटकं नसतात. गोठ्यातली जनावरं सोडून बोटीत बसावं लागलं, ती रात्र मनात घर करून असते. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की शरीराला वाटतं, संकट पुन्हा आलं. धडधड वाढते, झोप उडते. तपासणी आधी हवीच, पण तपासणीत काही निघालं नाही म्हणजे त्रास खोटा, असं होत नाही.

'ट्रॉमा' म्हणजे फक्त अपघात नव्हे

हायवेला 'ट्रॉमा केअर' अशी पाटी दिसते. तिथं हाडं मोडलेले, डोक्याला मार लागलेले रुग्ण जातात. पण मनालाही मार लागतो. पूर, अपघात, घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, कर्त्या माणसाची आत्महत्या, हे सगळे मनावरचे आघातच. हे ध्यानात ठेवून रुग्णाशी वागणं, याला 'ट्रॉमा इन्फॉर्म्ड केअर' म्हणतात. सोप्या भाषेत, आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा.

अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेनं २०१४ मध्ये याची चार सूत्रं मांडली. आघाताचा परिणाम किती खोल जातो हे समजून घ्या. त्याच्या खुणा ओळखा. त्यानुसार आपलं वागणं आणि दवाखान्याचे नियम बदला. आणि चौथं सर्वात महत्त्वाचं, उपचार करताना जुना घाव पुन्हा उघडू देऊ नका.

सिस्टर नेमकं काय वेगळं करते?

अशी सिस्टर अंगाला हात लावण्याआधी विचारते. इंजेक्शन कशाचं, का, हे आधी सांगते. दहा माणसांसमोर "काय झालं होतं?" असं विचारत नाही, पडद्याआड नेऊन बसवते. सोबत कोण हवं, दार उघडं ठेवू की लावू, हे रुग्णाला ठरवू देते. सांगायचं नसेल तर जबरदस्ती करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पद्धतही हेच सांगते. पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या.

वरवर या गोष्टी साध्या वाटतात, पण यामागे मोठा अभ्यास आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेनं दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये, युद्धानं मन खचलेल्या सैनिकांमध्ये काम केलं. १९५२ साली तिनं पुस्तक लिहून मांडलं की नर्स आणि रुग्ण यांचं नातं हाच उपचाराचा गाभा आहे. पुढं ती विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि मानसिक आरोग्य नर्सिंग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय म्हणून उभा राहण्यात तिचा मोठा वाटा राहिला.

बारावीपासून पीएचडीपर्यंतची वाट

नर्सिंग म्हणजे फक्त वॉर्डातली ड्युटी, असा गावाकडं समज आहे. या विषयात शिकवायची आणि संशोधन करायचीही वाट आहे. ती अशी :

• जीएनएम : ३ वर्षांचा डिप्लोमा. सायन्स नसलेल्या मुला-मुलींनाही करता येतो.
• बीएस्सी नर्सिंग : ४ वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. प्रवेश सीईटीतून.
• पोस्ट बेसिक बीएस्सी : जीएनएम झालेल्यांसाठी २ वर्षं. म्हणजे डिप्लोमा केला म्हणून वाट बंद होत नाही.
• एमएस्सी नर्सिंग : २ वर्षं. पदवीला किमान ५५ टक्के आणि १ वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. इथं 'मानसिक आरोग्य नर्सिंग' हा विषय निवडता येतो आणि प्रबंधही लिहावा लागतो.
• त्यानंतर कॉलेजात अध्यापन आणि पुढं पीएचडी.

फी भरण्याआधी एक खात्री जरूर करा. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, पदवी असेल तर ती कोणत्या विद्यापीठाची, हे कागदावर बघा. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

प्राध्यापक झालं तर गावाला काय उपयोग?

मानसिक त्रास मोजायच्या प्रश्नावल्या बहुतेक इंग्रजीत तयार झालेल्या असतात. त्यांचं पुस्तकी मराठी केलं की "आपणास विषण्णता जाणवते का?" असा प्रश्न तयार होतो. यावर आक्का "नाही" म्हणणार, आणि कागदावर ती ठणठणीत ठरणार. तिला "जीव रमंना झालाय का? पावसाचा आवाज आला की काळजात धस्स होतंय का?" असं विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

हे शब्द गोळा करणं, प्रश्नावली पुन्हा उलट भाषांतर करून पडताळणं, गावागावांत फिरून तपासणं, हे संशोधकाचं काम आहे. नदीकाठच्या गावात वाढलेल्या पोरीला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ती एमएस्सी करून कॉलेजात शिकवायला लागली, तर दरवर्षी तिच्या हाताखालून बाहेर पडणाऱ्या सिस्टर आक्काला "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवणार नाहीत. आधी खुर्ची देतील आणि विचारतील, "आक्का, हे कधीपासून व्हायला लागलं? तेव्हा काय झालं होतं?"

मदत हवी असेल तर

टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. स्वतःसाठी किंवा घरातल्या माणसासाठीही फोन करता येतो. आणि घरात कुणी पाऊस लागला की गप्प होत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर "नाटकं" म्हणण्याआधी शेजारी बसा. तेवढ्यानंही मोठा आधार मिळतो.