कॅमेरा कोणाचा? माउस, नजर आणि कर्तेपण

तत्त्वज्ञानाचा माणूस वेबसाइटच्या कॅमेऱ्यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न आपला जुनाच आहे: मी हललो की जग हललं? आज तो पडद्यावर तपासून बघू.

हल्ली ब्राउझरमध्येच त्रिमितीय दृश्यं दिसतात. एखादी खुर्ची, मूर्ती, घर. माउस दाबून ओढला की ते फिरतं. रिकार्डो काबेयो यांनी २०१० मध्ये थ्री-जेएस ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली, २०११ मध्ये वेबजीएलचं पहिलं प्रमाण आलं, आणि मग हे काम सोपं झालं.

तिथे खरा कॅमेरा नसतो, बरं का. कॅमेरा म्हणजे सहा आकडे. तो कुठे आहे याचे तीन, आणि कसा वळलेला आहे याचे तीन. माउस मात्र दोनच आकडे देतो: डावं-उजवं किती आणि वर-खाली किती. मग उरलेले चार कोण ठरवणार? डिझायनर. म्हणजे बघणाऱ्याच्या वतीने तो बरंच काही आधीच ठरवून बसलेला असतो. मेख इथे आहे.

सगळ्यात रुळलेला तोडगा थ्री-जेएसमधल्या ऑर्बिटकंट्रोल्सचा. देवळात प्रदक्षिणा घालावी तसा कॅमेरा वस्तूभोवती फिरतो, फक्त त्याची नजर सतत मध्यावर खिळलेली. पृथ्वीचा गोल डोळ्यांपुढे आणा. माउस डावीउजवीकडे ओढला की रेखांश बदलतात, वर-खाली ओढला की अक्षांश, आणि चाक फिरवलं की अंतर. नजर मध्यावर आणि डोकं सरळ, हे नियम एकदा घातले की सहाच्या सहा आकडे मिळाले.

पण ध्रुवावर गडबड होते. उत्तर ध्रुवावर उभं राहून उत्तर दिशा दाखवा म्हटलं तर काय दाखवाल? तसंच कॅमेरा वस्तूच्या बरोबर डोक्यावर गेला की 'वरची बाजू कोणती' याला उत्तर उरत नाही आणि दृश्य गर्रकन फिरू शकतं. म्हणून कॅमेऱ्याला ध्रुवाच्या किंचित अलीकडे थांबवतात. घर दाखवायचं असेल तर तो जमिनीखाली जाऊ नये, अशीही मर्यादा घालतात. या मर्यादांमुळेच माणसाला दिशेचं भान राहतं.

आता दिशा. मी माउस उजवीकडे ओढला. उजवीकडे काय जावं, वस्तू की कॅमेरा? दोन्ही होणार नाही, कारण कॅमेरा उजवीकडे सरकला की वस्तू डावीकडे वळल्यासारखी दिसते. मूर्ती हातात धरून फिरवतोय असं वाटत असेल, तर मूर्ती हाताबरोबर वळावी, म्हणजे कॅमेरा उलट जावा. ऑर्बिटकंट्रोल्स हेच करतं. पण मी खोलीत उभा राहून बघतोय असं वाटत असेल, तर माउसबरोबर नजर वळावी. म्हणजे कोड लिहिण्याआधीच विचारायला हवं: इथे बघणारा कोण आहे, आणि कुठे आहे?

तिसरी गोष्ट वेगाची. हात थांबताच कॅमेरा खाडकन थांबला तर ते कोरडं वाटतं. म्हणून दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा एक दशांश भाग चालायचा, अशी एक पद्धत आहे. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर १० फ्रेमनंतर, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात, साधारण ३५ टक्के अंतर उरतं. १२० फ्रेमच्या पडद्यावर तेवढ्याच वेळात २० फ्रेम होतात आणि उरतं जेमतेम १२ टक्के. साइट एकच, अनुभव दोन! म्हणून हा हिशेब फ्रेमवर न करता गेलेल्या वेळेवर करायचा.

आता मूळ मुद्दा. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक पिल्लू स्वतः चालत गोल फिरे. दुसरं त्याच यंत्राच्या दुसऱ्या टोकाला टोपलीत बसून फिरे. दोघांना दिसायचं जवळपास सारखंच. पण पाऊल नीट टाकणं, काठावर सावध होणं हे चालणाऱ्या पिल्लाला जमलं, टोपलीतल्याला जमलं नाही. नुसतं दिसणं पुरत नाही. आपल्या हालचालीने दिसणं बदलतं, तेव्हा अवकाश कळतो.

काही साइटवर माउस नुसता सरकवला तरी सगळं दृश्य डुलतं. बघणाऱ्याला फक्त बटण दाबायचं होतं! तिथे तो टोपलीतलं पिल्लू होतो. डोळे सांगतात 'हललास', कानातला तोल सांगतो 'बसून आहेस'. काहींना यातून खरोखर गरगरतं, मळमळतं. संगणकात आणि मोबाइलमध्ये हालचाल कमी करण्याची सोय असते. ती चालू असेल तर ब्राउझर साइटला तसं कळवू शकतो. तिथे डुलणं बंदच ठेवावं. मोबाइलवर तर नुसता सरकणारा माउसही नाही; तिथे बोटाने ओढणं हाच मार्ग.

तुमच्यापैकी जे अशा साइट बनवतात त्यांनी एवढं करून बघा. माउसवरून हात काढा. दृश्य लगेच शांत होतं का? मग अगदी थोडं ओढा. जेवढं ओढलं तेवढंच आणि मनात होतं तिकडेच गेलं का? दोन्हीला 'हो' आलं, तर बघणाऱ्याचं कर्तेपण तुम्ही त्याच्याकडे ठेवलंत. प्रश्न असतील तर जरूर विचारा.