धने भाजताना

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईच्या उजव्या हाताला प्लास्टर होते आणि गोड्या मसाल्याच्या बरणीचा तळ दिसू लागला होता. ‘मी सांगते, तू भाज,’ ती म्हणाली. त्यात काय अवघड, असे मानून मी धने आणि जिरे एकदमच कढईत ओतले. धने जेमतेम तापतात तोच जिरे काळे पडले! सारे टाकून द्यावे लागले. आई रागावली नाही. ‘तीळ आणि खोबरे तरी वेगळे भाज,’ एवढेच म्हणाली.

आपण धन्याला बी म्हणतो, पण वास्तविक ते फळ. दाबले की त्याची दोन शकले होतात आणि प्रत्येकात एकेक बी असते. म्हणून तर परसात कोथिंबीर लावताना धने रगडून पेरतात. हिरव्या, कच्च्या फळाला कोथिंबिरीसारखाच उग्र दर्प असतो. ते पिकून वाळले की तो दर्प जातो आणि लिंबाच्या सालीची आठवण देणारा गोडसर वास येतो. हा वास ज्या तेलाचा, ते शंभर भागांत सहसा एक भागही नसते. शिवाय उष्णतेने उडून जाते. त्यात मुख्य द्रव्य लिनालूल.

म्हणूनच आच मंद हवी. चमचाभर तेलावर धने सतत हलवावेत. रंगावर विसंबू नये, कारण धने मुळातच तपकिरी. एक दाणा दाताखाली धरावा. कुरकुरीत लागला की लगेच परातीत काढावेत. गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत ते भाजतच राहतात. गरम असताना दळले तर वास उडतो आणि वाफ धरून पुडीच्या गुठळ्या होतात.

गोड्या मसाल्यात धन्यांचेच माप मोठे. लवंग-दालचिनी चिमूटभर जास्त झाली तर पदार्थ बिघडतो. धने मात्र सांभाळून घेतात. त्यांच्या टरफलाचा चोथा पाणी धरतो, त्यामुळे रस्सा मिळून येतो. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य आपण दाखवतोच. धन आणि धने यांचे नाते काय, ते मराठीच्या प्राध्यापकांनी सांगावे.

दुसऱ्या खेपेची पूड आईने डाव्या हाताच्या चिमटीत धरून नाकाशी नेली, काही बोलली नाही, आणि रिकामी बरणी माझ्याकडे सरकवली.