प्रथमोपचार सखीचं वचन, आणि संस्थेचंही



आपल्या प्रभागातल्या बऱ्याच ग्रामसंघांनी गावात प्रथमोपचार सखी नेमण्याचा ठराव घेतला आहे. चांगली गोष्ट आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची मोफत रुग्णवाहिका आहे, पण वाडीवस्तीवर गाडी पोहोचेपर्यंत वेळ हा जातोच. तेवढ्या वेळात वाहणारं रक्त दाबून धरणारं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणारं, घाबरलेल्या घरच्यांना धीर देणारं कुणीतरी गावातच हवं.

पण हे ठराव वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सखीने काय काय करायचं, हे सगळ्यांनी लिहिलंय. संस्थेने सखीसाठी काय करायचं, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलंय. संस्था म्हणजे इथे ग्रामसंघ, प्रभागसंघ आणि प्रशिक्षण देणारे, सगळेच. आज त्याबद्दलच बोलू.

पगार नाही, मग करार कशाला?

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. "ती मनाने करतेय, तिला कागदात कशाला बांधायचं?" पण आपल्या गटाचा व्यवहार आठवा. कर्ज घेणारी ताई परतफेडीची सही करते, तसंच गटही तिला ठरलेली रक्कम देतो, प्रत्येक हप्त्याची नोंद तिच्या पासबुकात करतो. नोंद झाली नाही तर ती जाब विचारू शकते. वचन दोन्हीकडून असतं, म्हणूनच गट टिकतो.

पगारी माणसाकडे नेमणुकीचं पत्र असतं, रजा असते, तक्रार करायला साहेब असतो. स्वयंसेविकेकडे यातलं काहीच नसतं. तिच्याशी जे बोलून ठरलं, तेवढंच तिच्या हातात. म्हणून ते लिहून ठेवायची गरज तिलाच जास्त आहे.

एका गावातलं उदाहरण सांगते. तिथल्या ताईंनी प्रशिक्षण घेतलं, पेटी मिळाली, सुरुवातीला कामही जोरात चाललं. चार-पाच महिन्यांत पेटीतलं कापूस-बँडेज संपलं. भरून कोण देणार, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. ताईंनी दोन वेळा स्वतःच्या पैशाने सामान आणलं. एकदा रात्री रुग्णाबरोबर तालुक्याला गेल्या, परतीचं भाडंही त्यांनीच भरलं. मग घरात बोलणी बसायला लागली. हळूहळू त्यांनी जाणं थांबवलं. आज गाव म्हणतं, "बाईत आता पहिल्यासारखा उत्साह राहिला नाही." उत्साहाचा प्रश्नच नव्हता. एकाच बाजूने किती दिवस ओढायचं?

ही पद्धत जुनी आहे

१८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनो इथे मोठी लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गावात जखमी सैनिकांचा ढीग लागला. गावातल्या बायकांनी आपला-परका न बघता दोन्हीकडच्या सैनिकांची सेवा केली. हेन्री ड्युनांट नावाच्या व्यापाऱ्याने ते पाहिलं, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून पुढे १८६३ मध्ये रेडक्रॉसची सुरुवात झाली. भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० ची आहे. स्वेच्छेने सेवा हे रेडक्रॉसच्या सात मूलतत्त्वांपैकी एक आहे. तरीही स्वयंसेवकाला प्रशिक्षण देणं, त्याच्या सुरक्षिततेची काळजी घेणं, ही संस्थेची जबाबदारी तिथे मानली जाते. म्हणजे सेवा स्वेच्छेची असली, तरी संस्थेची जबाबदारी सुटत नाही.

सखी काय वचन देते

१. प्रशिक्षणाला आणि उजळणीला पूर्ण वेळ हजर राहीन.
२. जेवढं शिकवलं तेवढंच करीन. इंजेक्शन, सलाईन, गोळ्या देणार नाही.
३. जात, भावकी, पक्ष, जुनं भांडण बघणार नाही.
४. पैसे किंवा भेटवस्तू घेणार नाही.
५. कुणाच्या घरात काय पाहिलं, हे पाणवठ्यावर बोलणार नाही. विशेषतः विषप्राशन, मारहाण आणि बाईच्या आजाराच्या बाबतीत.
६. वापरलेल्या सामानाची नोंद वहीत करीन.
७. काम थांबवायचं असेल तर आधी कळवीन.

दुसरा मुद्दा नीट समजून घ्या. साप चावला तर सखीने त्या माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगड्या-जोडवी काढायची आणि लगेच दवाखान्यात पाठवायचं. दोरीने आवळायचं नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. भाजलं तर साधं वाहतं पाणी २० मिनिटं, बाकी टूथपेस्ट-हळद काही नाही. मर्यादा पाळली तर रुग्णही सुरक्षित आणि सखीही.

संस्था काय वचन देते

१. हाताने सराव करून घेतल्याशिवाय कामाला लावणार नाही. ठरलेल्या काळाने उजळणी घेऊ.
२. पेटी दर महिन्याच्या बैठकीत तपासू आणि संपलेलं सामान भरून देऊ. त्यासाठीची रक्कम ठरावात लिहू.
३. प्रवासाचा आणि फोनचा खर्च ठरलेल्या दिवसांत परत करू.
४. हातमोजे कायम देऊ. रक्ताशी संबंध येतो, म्हणून हिपॅटायटिस बी च्या लसीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून सोय करू.
५. रात्री सखीला एकटीला पाठवणार नाही. सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवू.
६. अपघात विमा काढू. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात खातं हवं. सखीचे २० रुपये ग्रामसंघाने भरले तर बोजा कुणालाच नाही.
७. रॅली, स्वागत, सतरंज्या उचलणं अशी दुसरी फुकटची कामं तिच्यावर टाकणार नाही.
८. तिने "आज जमणार नाही" म्हटलं तर तोंड वाकडं करणार नाही.

आठव्या मुद्द्यावर काही ताई हसल्या होत्या. पण शेतातली कामं, घरातलं दुखणं, लेकीचं बाळंतपण हे सखीलाही असतंच. म्हणून एका गावात निदान दोन सख्या हव्यात.

रुग्ण दगावला तर?

सगळ्यांच्या मनात हीच भीती असते, पण उघड कुणी विचारत नाही. रस्त्यावरच्या वाहन अपघाताबाबत कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने, कसलाही मोबदला न घेता जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं तरी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्तीही तिच्यावर करता येत नाही.

पण हे कलम वाहन अपघातापुरतं आहे. घरात, शेतात, विहिरीवर काही घडलं तर गावच्या बोलण्याला तोंड द्यायला सखीच्या बाजूला संस्था उभी लागते. "तिने शिकवल्याप्रमाणे केलं," हे अध्यक्षा आणि सचिवांनी त्या घरी जाऊन, चारचौघांत सांगायला हवं. तेव्हा सखीची नोंदवहीही कामाला येते. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्याकडे चहाला जाऊन बसा. डोळ्यांदेखत माणूस गेला की झोप लागत नाही. तिला बोलू द्या. "तू अजून लवकर जायला हवं होतंस," हे वाक्य कुणीही उच्चारू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

दोन्ही याद्या मोठ्याने वाचा. ज्या सखींना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासमोर दोनदा वाचा. आपल्या गावाला लागू नसेल ते काढा, राहिलं असेल ते घाला. जे वचन ग्रामसंघाला पाळता येणार नाही, ते लिहू नका. विम्याचे पैसे नसतील तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे सखी विचार करून हो किंवा नाही म्हणेल. मग इतिवृत्तात नोंद करून सखी, अध्यक्षा आणि सचिव तिघींच्या सह्या किंवा अंगठे घ्या. एक प्रत सखीच्या घरी राहू द्या. दर सहा महिन्यांनी कागद काढून दोन्ही बाजूंनी विचारायचं, काय पाळलं, काय राहिलं.

ठराव झाला की त्याची एक प्रत प्रभागसंघाच्या कार्यालयात पाठवा. शब्द जुळवायला अडचण आली तर बैठकीला मला बोलवा, मी येते.

– आपली क्षेत्र समन्वयक