चाळीस वर्षांचा पुरावा

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेच्या गोद्यांतून एकामागून एक युद्धनौका पाण्यात उतरत होत्या, आणि त्या प्रत्येकीच्या पोटात वाफेचे नळ, बॉयलर, टर्बाईन आणि झडपा यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन चढलेले असे. कारण उघड होते. दाबाखालच्या वाफेने तापलेला नळ उघडा ठेवला तर उष्णता वाया जाणार, जवळून जाणारा माणूस भाजणार, आणि आग लागलीच तर पोलादी कप्प्यातून पळायला वाट नाही. अशा ठिकाणी न जळणारे, न कुजणारे, वजनाला हलके आणि मोलाला स्वस्त असे हे खनिज आरमाराला वरदान वाटले, यात नवल नाही.

बांधणीच्या वेळी अ‍ॅस्बेस्टॉसची पूड बादलीत पाण्याने कालवून तिचा लगदा करीत, तो हाताने नळाच्या वाकणावर थापीत आणि वर कापड गुंडाळून रंगाचा हात देत. पण वेष्टन चढवणाऱ्याइतकीच, किंबहुना अधिक धूळ ते फोडणाऱ्याच्या वाट्याला येई. भर समुद्रात एखादी झडप गळू लागली की इंजीनखोलीतला एकोणीस-वीस वर्षांचा नौसैनिक वाळून कडक झालेले वेष्टन हातोडीने फोडी, सांध्यातले जुने गॅस्केट तारेच्या ब्रशाने खरवडून काढी आणि खाली पडलेला पांढरा चुरा केरसुणीने झाडून टाकी. हवा कोंदट, नाकातोंडावर काही नाही. पाळी संपल्यावर तो ज्या झोळीत वा खाटेवर अंग टाकी, तिच्या डोक्यावरूनही बहुधा असाच एखादा नळ गेलेला असे.

श्वासाबरोबर आत गेलेला हा सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. त्यातून फुप्फुस घट्ट होत जाण्याचा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसावरणाचा तो दुर्धर कर्करोग, ज्याला वैद्यक मेसोथेलिओमा म्हणते, असे विकार उद्भवतात. या शेवटच्या व्याधीला प्रकट व्हायला वीस ते पन्नास वर्षे लागतात, आणि पुढील साऱ्या अन्यायाचे मूळ या विलंबात आहे.

हे ज्ञान अकस्मात झाले असेही नाही. ब्रिटनने १९३१ सालीच कारखान्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीवर निर्बंध घालणारे नियम केले होते. तरीही १९४६ साली अमेरिकी युद्धनौकांच्या नळांवर वेष्टन चढवणाऱ्या १,०७४ कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसिसचे अवघे तीन रुग्ण आढळल्याच्या आधारे हा धंदा तितकासा धोक्याचा नाही असा निष्कर्ष काढण्यात आला. ते तिघेही वीस वर्षांहून अधिक काळ याच कामावर होते आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांची दहा वर्षेही भरली नव्हती, ही गोष्ट त्याच पाहणीत नमूद असताना तिचा अर्थ कोणी लावला नाही. पेरणीच्या महिन्यात शेत पाहून पीक आले नाही असा दाखला देण्यासारखाच हा प्रकार होता. पुढे १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवून अ‍ॅस्बेस्टॉसशी त्यांचा संबंध दाखवला, आणि १९६४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी वेष्टन-कामगारांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

या व्याधीने हुद्दा पाहिला नाही. १९७० ते १९७४ या काळात अमेरिकी नौदलाचे प्रमुख असलेले अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट २ जानेवारी २००० रोजी मेसोथेलिओमानेच वारले. त्यांची कहाणी अधिक विषण्ण करणारी आहे. व्हिएतनाममध्ये नदीकाठची झाडी नष्ट करण्यासाठी एजंट ऑरेंज हे विषारी रसायन फवारण्याचा हुकूम त्यांचा. त्याच नद्यांवर गस्त घालणारा त्यांचा थोरला मुलगा १९८८ साली कर्करोगाने गेला, आणि त्या रसायनाचा हा परिणाम अशी पितापुत्रांची दोघांचीही धारणा होती. उरलेले आयुष्य अ‍ॅडमिरलनी व्हिएतनामच्या सैनिकांना भरपाई मिळवून देण्यात वेचले. १९९१ साली कायदा झाला आणि तेव्हापासून त्या भूमीवर सेवा केलेल्याला ठरावीक व्याधी जडल्यास ती सेवेमुळेच जडली असे सरकार गृहीत धरते.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत असे गृहीतक नाही. नौसैनिकाच्या हुद्द्यावरून त्या धुळीशी संपर्काचा संभव किती, याचे कोष्टक माजी सैनिकांच्या खात्याजवळ आहे खरे, पण दरखास्त करणाऱ्याने सेवेचे कागद, निदानाचा दाखला आणि व्याधी सेवेतील धुळीमुळे जडणे संभवनीय आहे असे वैद्याचे लेखी मत, अशी तिन्ही कागदपत्रे रुजू करावी लागतात. ती खात्याला पटली, तर मेसोथेलिओमाला शंभर टक्के अपंगत्व धरले जाते, ज्याचे २०२४ सालचे मान एकट्या माणसास दरमहा ३,७३७ डॉलरहून किंचित अधिक होते. अ‍ॅस्बेस्टॉसिसला मात्र फुप्फुसाची धारणाशक्ती मोजून १०, ३०, ६० वा १०० टक्के. पंचाहत्तरीच्या, धाप लागलेल्या माणसाने ऐन विशीत कोणत्या कप्प्यात कोणता नळ फोडला हे सांगावे, साक्षीला त्या वेळचे सोबती आणावेत, आणि त्यातले बरेच तोवर मातीआड झालेले असावेत! नौकेचा नकाशा सरकारचा, खरेदीचे दफ्तर सरकारचे, हजेरीपट सरकारचा. पुराव्याचे ओझे तेवढे रुग्णाचे, हे मला न्याय्य वाटत नाही.

सरकारवर दावा लावावा, तर १९५० सालच्या फेरेस निवाड्याने सेवेतील इजेबद्दल तो मार्ग बंद केला. राहिले कारखानदार. त्यांतील मोठी जॉन्स-मॅनव्हिल कंपनी १९८२ साली दाव्यांच्या भाराखाली दिवाळखोरीत गेली आणि भरपाईसाठी निधी उभा करावा लागला. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन नौसैनिकांच्या प्रकरणात ठरवले की, यंत्र चालवायला असे वेष्टन लागणारच आणि ते घातक आहे हे ज्या निर्मात्याला ठाऊक असावे, त्याने वेष्टन स्वतः पुरवले नसले तरी धोक्याची सूचना देणे त्याचे कर्तव्य होते. ब्रिटनने २०१६ पासून मेसोथेलिओमाग्रस्त माजी सैनिकांना १,४०,००० पौंडांची एकरकमी भरपाई घेण्याची मुभा दिली. मरणाच्या दारातल्या माणसाला मासिक हप्त्याचा उपयोग काय, हे तेथे निदान ओळखले गेले.

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांविषयी जो निवाडा दिला, त्यात प्रत्येकाची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश आहे. दफ्तर जपण्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व तेथे स्वच्छ आहे. ते आरमारालाही लागू व्हावे. २०१३ साली सेवेतून वैद्यकीय कारणाने मुक्त झालेल्या जवानाच्या खटल्यात पुराव्याचे ओझे सरकारवर आहे असे त्याच न्यायालयाने म्हटले, पण चाळीस वर्षांनी उपटणाऱ्या व्याधीचा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि हा प्रश्न आपल्या आरमारालाही परका नाही: आपली जुनी ‘विक्रांत’ ही ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या काळात बांधायला घेतलेली वाफेची नौका. २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात ती तोडायला घेतली गेली.

ज्यांच्या घरात असल्या जुन्या नौकांवर, गोदीत वा दारूखान्यात राबलेला कोणी वडीलधारा असेल, त्यांनी त्याच्या नौकांची नावे, कामाचा कप्पा, वर्षे आणि सोबत्यांची नावे आजच एका वहीत उतरवून ठेवावीत, सेवेचे दाखले तिच्यातच जपावेत, आणि खोकला वा धाप यासाठी डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.