पेग केवढा?

गेल्या वर्षी आमच्या सर्जरीतून 'हेल्थ चेक'चे पत्र आले. इंग्लंडमध्ये 40 ते 74 वयाच्या बहुतेकांना ही तपासणी दर पाच वर्षांनी मोफत मिळते. रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल झाले. मग नर्सबाईंनी विचारले, "आठवड्याला किती युनिट दारू घेता?" मी ऐटीत सांगितले, "सहा. शुक्रवार, शनिवार, रविवार, दोन-दोन पेग." त्यांनी लगेच विचारले, "पेग केवढा?" आणि मी गप्प झालो. तीस वर्षे पेग भरतो आहे, पण मोजला कधीच नव्हता.

घरी येऊन हा किस्सा सांगितला, तेव्हा सौ.ने केकसाठी आणलेले मापाचे भांडे ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "भरा बघू नेहमीसारखा." भरला आणि भांड्यात ओतला, तर 75 मिलिलिटर! भारतात मोठा पेग 60 चा. इथल्या पबमध्ये व्हिस्कीचे माप 25 किंवा 35 मिलिलिटर. म्हणजे माझा एक पेग पबमधल्या तिघांच्या वाटणीचा होता.

युनिटचा हिशेब सोपा आहे. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्याने गुणायचे आणि 1000 ने भागायचे. 75 मिलिलिटर, 40 टक्के, म्हणजे 3 युनिट. सहा पेगांचे 18. सरकारी सल्ला 2016 पासून स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला 14 युनिटपेक्षा जास्त नको असा आहे, आणि तेही तीन-चार दिवसांत विभागून. त्याआधी पुरुषांना 21 ची मुभा होती आणि आमच्या पिढीच्या डोक्यात तोच आकडा बसला आहे. सौ.चेही हसू फार टिकले नाही. तिचा वाइनचा 'एकच ग्लास' 250 मिलिलिटरचा निघाला. 13 टक्क्यांच्या वाइनचे ते सव्वातीन युनिट झाले.

मी 1991 मध्ये या देशात आलो, तेव्हा पिणे म्हणजे पब. देशातली बहुतेक बिअर पबमध्येच खपत असे. तिथे माप मालकाच्या हातात, रात्री अकराला घंटा वाजायची आणि नंतर आपल्या पायांनी घर गाठायचे. पुढे सुपरमार्केटमध्ये बाटली स्वस्त होत गेली आणि पब महाग. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या पबमध्ये धूम्रपानाला बंदी आली. 2008 मध्ये देशात सुमारे 50,000 पब होते, 2018 मध्ये 39,000 च्या आसपास उरले. 2010 च्या दशकाच्या मध्यावर दुकानातून घरी नेलेल्या बिअरचा खप पबमधल्या खपाच्या पुढे गेला. दारू बाजारातून दिवाणखान्यात आली, पण माप, घंटा आणि पायपीट या तिन्ही गोष्टी मागेच राहिल्या.

गंमत म्हणजे हा देश एकूण पूर्वीपेक्षा कमी पितो. दरडोई खप 2004 च्या सुमारास शिखरावर होता, त्यानंतर उतरला. तरुण मुले तर आपल्यापेक्षा शहाणी. 2013 मध्ये सुरू झालेला 'ड्राय जानेवारी' आता घरोघरी माहीत आहे. आमचा मुलगा पार्टीला बिनअल्कोहोलची बिअर घेऊन येतो, तेव्हा आम्ही काका मंडळी त्याची थट्टा करतो. पण इंग्लंडच्या आरोग्य पाहणीत 14 युनिटची मर्यादा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त कोणत्या वयात दिसते? 55 ते 64! म्हणजे थट्टा करणाऱ्यांच्या वयात.

आणि खप उतरला तरी मृत्यू उतरले नाहीत. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू 2019 मध्ये देशभरात 7,565 होते, ते 2023 मध्ये 10,473 झाले. कोविडच्या काळात, जे आधीच जास्त पीत होते त्यांचे पिणे घरात बसून आणखी वाढले. आमच्या गटातला एक मित्र 2021 मध्ये यकृताच्या विकाराने गेला. त्याला कोणी दारुडा म्हटले नसते. कधी झोकांड्या खाल्ल्या नाहीत, नोकरी चुकवली नाही. रोज रात्री जेवणाआधी 'दोनच' घ्यायचा. ते दोन केवढे, हे आम्ही कोणी विचारले नाही.

आता पैशांचे बघू. माझा हिशेब आठवड्याला 450 मिलिलिटर, म्हणजे वर्षाला 33 बाटल्या. 18 पौंडांची बाटली धरली तरी जवळजवळ 600 पौंड. ऑगस्ट 2023 पासून कर दारूच्या ताकदीवर बसतो. त्या वेळच्या दराने 70 सेंटिलिटर व्हिस्कीच्या बाटलीवर 8 पौंड 86 पेन्स कर होता, वर व्हॅट वेगळा. साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरला कर बराच कमी, म्हणून काही कंपन्यांनी बिअरची ताकदच उतरवली. स्कॉटलंडमध्ये युनिटला किमान 50 पेन्स हा दर 2018 मध्ये आला, सप्टेंबर 2024 मध्ये तो 65 पेन्स झाला. तिथल्या 2023 च्या अभ्यासानुसार किमान दरामुळे निव्वळ दारूने होणारे मृत्यू 13.4 टक्क्यांनी घटले. किंमत वाढली की माणूस हात आखडतो, हे आपल्याला वाण्याच्या दुकानापासून ठाऊक आहे.

आयुर्विम्याच्या अर्जातही आठवड्याच्या युनिटचा प्रश्न असतो. तिथे 'सोशल ड्रिंकर' म्हणून वेळ मारून नेऊ नका. 2013 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे उत्तर निष्काळजीपणे चुकले तर भरपाई कापली जाऊ शकते आणि जाणूनबुजून खोटे दिले तर नाकारली जाऊ शकते. त्याचा त्रास मागे राहिलेल्यांना.

गाडीचेही तसेच. शरीर साधारण तासाला एक युनिट पचवते. मध्यरात्रीपर्यंत माझ्या मापाचे चार पेग झाले असतील, तर सकाळी आठला मुलांना मराठी शाळेत सोडायला निघणे धोक्याचे. कॉफी आणि थंड पाण्याची आंघोळ यांनी काही फरक पडत नाही. स्कॉटलंडमध्ये तर डिसेंबर 2014 पासून मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे.

आपल्या लोकांना मधुमेह आणि पोटावरची चरबी तुलनेने लवकर गाठते. त्यात माझ्या 18 युनिटचे आठवड्याला हजारभर कॅलरी. जेवणात भात कमी करून मी ग्लासात ते वसूल करत होतो!

आता आमच्या कपाटात 25 मिलिलिटरचे स्टीलचे माप आहे. आठवड्यातले चार दिवस बाटली उघडायची नाही, असे ठरले आहे. सहा महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी सुधारली. मात्र कोणी रोज भरपूर पीत असेल आणि न घेतल्यास हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नये. त्यात जिवाला धोका असतो. आधी जीपीला भेटावे, लाज वाटू देऊ नये.

वाचकहो, घ्या किंवा घेऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण आज एकदा नेहमीचा पेग भरा आणि मापात ओतून पाहा. आणि पुढच्या पार्टीत यजमान असाल, तर पाहुण्याचा ग्लास त्याला न विचारता भरू नका.