फळ्यांचा रस्ता

समुद्रावर गेल्यावर कोरड्या वाळूत कधी सायकल चालवून पाहिली आहे का? चाक रुततं, सायकल आडवी होते आणि आपण धप्पकन खाली! मग मोटारीचं काय होत असेल?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात अल्गोडोन्स नावाच्या वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत. सॅन दिएगो शहरातून पूर्वेला युमा गावी जायचं, तर त्या वाटेत आडव्या येत. शंभर वर्षांपूर्वी मोटारींना त्यांना लांबलचक वळसा घालावा लागे. सरळ रस्ता झाला नाही, तर प्रवासी आणि व्यापार लॉस एंजेलिसकडे जाईल, अशी सॅन दिएगोच्या लोकांना काळजी वाटे. तेव्हा तिथले एक व्यापारी एड फ्लेचर यांनी पैसे उभे करून १३,००० फळ्या आणवल्या. १९१५ साली वाळूवर चक्क लाकडी रस्ता तयार झाला! सुमारे साडेसहा मैल लांब. दोन चाकांसाठी फळ्यांचे दोन पट्टे, बस्स!

फळीवर चाक का रुतत नाही? करून बघा ना! वाळूत खेळण्यातली मोटार दाबा, मग तिच्याखाली फूटपट्टी ठेवून दाबा. वजन पसरलं, की रुतणं कमी होतं.

पण वारा कुठे ऐकतोय? तो रोज वाळू आणून रस्त्यावर ओतू लागला. फळ्याही झिजल्या. मग १९१६ मध्ये नवी युक्ती निघाली. १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद असे फळ्यांचे तयार तुकडे एकापुढे एक मांडले. वाळू सरकली, की तुकडा उचलायचा आणि पुन्हा नीट बसवायचा! वाळू हटवायला घोडे जुंपलेले असत. रस्ता एकेरी होता, म्हणून दर हजार फुटांवर बाजूला थांबायला रुंद जागा ठेवली होती. समोरून गाडी आली, की कुणीतरी माघार घ्यायची. आणि घ्यायची कुणी, यावरून भांडणंही होत, बरं का!

अखेर १९२६ मध्ये वाळूचाच उंच बांध घालून त्यावर डांबरी रस्ता झाला. लाकडी रस्ता निवृत्त झाला. पुढे काहींनी त्याच्या फळ्या शेकोटीत जाळल्या. उरलेल्या काही तुकड्यांचं आता जतन केलं आहे.

वाळूला थांबवता येईना, तेव्हा माणसांनी रस्ताच उचलता येईल असा केला. आहे ना गंमत?