आभासी जगाची पेटी : विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

दिनांक २७ जुलै २०२२ रोजी गूगल कंपनीने आपल्या नकाशांवरील ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सोय भारतात पुन्हा सुरू केली. पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या दहा शहरांच्या यादीत दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या महानगरांच्या पंक्तीस अहमदनगरचेही नाव होते. या शहराचे व जिल्ह्याचे नामकरण २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले आहे. मोटारीवर बसविलेल्या कॅमेऱ्याने रस्त्याच्या सर्व दिशांची छायाचित्रे टिपावयाची आणि ती सांधून एक अखंड गोल चित्र तयार करावयाचे, अशी ही पद्धत आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनुसार रस्त्यावरील असे चित्रण भारतीय संस्थांनीच करावयाचे असते. त्यामुळे हे काम जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्र या कंपन्यांकडून करून घेण्यात आले. रस्त्यातील माणसांचे चेहरे आणि वाहनांच्या क्रमांकपट्ट्या त्यात अस्पष्ट केलेल्या असतात.

दूरच्या गावी स्थायिक झालेल्या नगरकरास आता मोबाईलवर आपल्या शहरातील रस्ता उघडून चहूकडे पाहता येते. अशी गोल चित्रे आणि चित्रफिती हातात धरून पाहण्याऐवजी डोळ्यांना पेटी लावून पाहिल्या, तर आपण प्रत्यक्ष त्या ठिकाणी उभे आहोत असा भास होतो. यालाच ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ किंवा आभासी वास्तव म्हणतात. त्यासाठी लागणारी ‘व्हीआर बॉक्स’ नावाची पेटी बाजारात काही शे रुपयांपासून मिळते. मुलांच्या हट्टाखातर पालक ती घेतात, लोकवर्गणीतून शाळाही घेतात. पुष्कळदा आठवड्याभरातच ती कपाटावर जाऊन पडते. याचे कारण बहुधा एकच असते. मोबाईल, चित्रे आणि पेटी या तीन गोष्टींपैकी सर्वांत कमी महत्त्वाची जी पेटी, तिच्यापासूनच खरेदीची सुरुवात होते.

दोन डोळे, दोन चित्रे

ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे ६३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित निराळ्या कोनातून दिसते आणि या दोन चित्रांच्या मेळातून मेंदू खोलीचे अनुमान करतो. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये आरशांच्या साहाय्याने दाखवून दिले. पुढे १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यासाठी भिंगांची सुटसुटीत पेटी तयार केली. १९३९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘व्ह्यू-मास्टर’च्या चकतीवर चौदा छोटी चित्रे, म्हणजे सात जोड्या असत. १९८४ चा मल्याळम चित्रपट हिंदीत ‘छोटा चेतन’ या नावाने आला, तेव्हा चित्रपटगृहात वाटलेल्या चष्म्यांचे कामही प्रत्येक डोळ्याला त्याचे त्याचे चित्र पोहोचविण्याचेच होते. जत्रेतील बायोस्कोपच्या पेटीत खोलीचा भास नसे. परंतु बाहेरचे जग झाकले गेले की आतले चित्र खरे वाटू लागते, हे त्या पेटीवाल्यालाही पक्के ठाऊक होते.

स्मार्टफोनने यात एका गोष्टीची भर घातली. मोबाईलचा पडदा मधोमध विभागून त्यावर दोन चित्रे दाखविता येतात. त्यांच्यासमोर दोन भिंगे धरली की चार-पाच सेंटिमीटरवरचा पडदा डोळ्यांना दूर असल्यासारखा दिसतो. मान वळविली की मोबाईलमधील जायरोस्कोप नावाचा संवेदक ते वळण मोजतो आणि चित्रही त्या दिशेने सरकते. मानेची हालचाल आणि चित्राची हालचाल यांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त अंतर पडू नये, अशी तंत्रज्ञांची अपेक्षा असते. त्याहून उशीर झाल्यास पाहणाऱ्यास गरगरू लागते.

गूगलच्या पॅरिस येथील दोन अभियंत्यांनी हे सर्व साध्या पुठ्ठ्यात बसवून दाखविले आणि जून २०१४ मध्ये ‘कार्डबोर्ड’ या नावाने ती पेटी जगापुढे आली. भिंगे, पुठ्ठा, एक लोहचुंबक आणि रबराचा तुकडा एवढेच तिचे साहित्य होते. तिचा आराखडा कंपनीने सर्वांना खुला केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने आपल्या वर्गणीदारांना दहा लाखांहून अधिक पुठ्ठ्याच्या पेट्या घरपोच वाटल्या. नोव्हेंबर २०१९ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक पेट्या जगभर गेल्या होत्या.

ओसरलेली लाट

ग्राहकाच्या दृष्टीने त्यानंतरचा इतिहास अधिक महत्त्वाचा आहे. सॅमसंगची ‘गियर व्हीआर’ ही पेटी त्या कंपनीच्या ठरावीक मोबाईलनाच चालत असे; २०१९ च्या नोट १० पासून तिचा पाठिंबा काढून घेण्यात आला. गूगलची ‘डेड्रीम’ ही महाग पेटी २०१६ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. मार्च २०२१ मध्ये गूगलने कार्डबोर्डची विक्रीही थांबविली. वर्गातील मुलांना शिक्षकांसोबत आभासी सहलीवर नेणारे ‘एक्सपेडिशन्स’ हे ॲप ३० जून २०२१ रोजी बंद झाले; त्यातील बऱ्याच सहली ‘आर्ट्स अँड कल्चर’ या ॲपमध्ये हलविण्यात आल्या. स्ट्रीट व्ह्यूचे स्वतंत्र मोबाईल ॲपही २०२३ मध्ये बंद झाले, ती चित्रे आता नकाशांच्या ॲपमध्येच पाहावी लागतात. मोठ्या कंपन्या मोबाईल सोडून स्वतःचाच पडदा असलेल्या स्वतंत्र हेडसेटकडे वळल्या. त्यांची किंमत सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. भारतात मात्र २०२३ च्या आयपीएल स्पर्धेच्या वेळी जिओ कंपनीने ‘जिओडाइव्ह’ ही मोबाईलवर चालणारी पेटी १,२९९ रुपयांस बाजारात आणली होती.

दुकानातील खोक्यावर ज्या ॲपची नावे अजून छापलेली दिसतात, त्यांपैकी कित्येक आज अस्तित्वात नाहीत, असा याचा अर्थ होतो. खोक्यावरील यादी पाहून पेटी घेणे म्हणजे मागील वर्षाचे वेळापत्रक पाहून एस.टी.ची वाट पाहण्यासारखे आहे.

आधी मोबाईल तपासावा

जायरोस्कोप सर्वच मोबाईलमध्ये नसतो. स्वस्त मोबाईलमध्ये तो हमखास गाळला जातो. तो नसेल तर पेटी कितीही चांगली असली तरी मान वळविल्यावर चित्र जागचे हलत नाही, किंवा थरथरत राहते. हे तपासण्यासाठी एक पैसाही लागत नाही. यूट्यूबवर कोणतीही ३६० अंशांची चित्रफीत लावावी आणि पडद्याला बोट न लावता मोबाईल घेऊन स्वतःभोवती सावकाश फिरावे. चित्र आपल्याबरोबर सुरळीत फिरले तर पुढचा विचार करावा. केवळ बोटाने सरकविल्यावरच ते फिरत असेल, तर त्या मोबाईलसाठी पेटी घेण्यात अर्थ नाही. शाळेसाठी खरेदी करावयाची असल्यास जो मोबाईल प्रत्यक्ष वापरात येणार आहे, त्यावरच ही परीक्षा करावी.

दुसरी गोष्ट पडद्याची. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा दोघांत वाटला की एका डोळ्याच्या वाट्यास जेमतेम ९६० गुणिले १०८० बिंदू येतात आणि भिंगातून तेही मोठे होऊन दिसतात. म्हणून चित्रावर बारीक जाळी पसरल्यासारखी वाटते. चित्रफितीचे गणित याहून कडक आहे. ‘फोर-के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल चित्रफितीत सुमारे ३,८४० बिंदू संपूर्ण ३६० अंशांत पसरलेले असतात. पेटीतून एका वेळी साधारण ९० अंश दिसतात, म्हणजे नजरेसमोर ९६० बिंदूच उरतात. कमी दर्जावर लावलेली चित्रफीत पेटीत पुसट दिसते ती यामुळे. गावात नेटवर्क बेताचे असेल, तर जिथे सोय असेल तिथे चित्रफीत आधीच उतरवून घ्यावी.

पेटीची निवड

पेटीत पडदा नसतो, यंत्रही नसते. सबब खोक्यावर ‘एचडी’ किंवा ‘फोर-के’ असे लिहिले असेल तर त्यास काही अर्थ नाही. चित्राचा दर्जा मोबाईलचा असतो. पेटीत पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. आपला मोबाईल तीत बसतो का, हे दुकानातच बसवून पाहावे. जुन्या पेट्या सहा इंचांपर्यंतच्या पडद्यांसाठी केलेल्या होत्या, आजचे बहुतेक मोबाईल त्याहून मोठे आहेत. दोन भिंगांतील अंतर कमी-जास्त करता यावे, विशेषतः लहान मुले व मोठी माणसे यांनी ती वापरावयाची असल्यास. चष्मा असणाऱ्यांनी तो घालून पेटी डोळ्यांना लागते का, ते पाहावे. भिंगे पुढे-मागे करणाऱ्या चक्रीने जवळची नजर काही अंशी सावरली जाते, पण चष्म्याचा तिरका नंबर तिने जुळत नाही. मोबाईल तापतो, म्हणून समोरची बाजू पूर्ण बंद नसलेली बरी. पेटीवर चौकोनी क्यूआर संकेत छापलेला असेल तर तो अवश्य स्कॅन करावा, कारण भिंगांचे मोजमाप त्यातून ॲपला समजते. ते चुकले तर सरळ भिंतीही वाकड्या दिसतात.

प्रथम प्रयोगासाठी पुठ्ठ्याची पेटी पुरेशी आहे. तीत आवड टिकली तर पट्टा असलेली प्लास्टिकची पेटी घ्यावी. पट्ट्याचा एक तोटाही ध्यानात घ्यावयास हवा. हाताने धरलेली पेटी माणूस कंटाळला की आपसूक खाली येते; बांधलेली येत नाही.

ॲपच्या बाबतीत नावे पाठ करण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. ॲप शेवटचे केव्हा सुधारले गेले? त्यात पडदा दोन भागांत विभागणारी, बहुधा चष्म्याच्या चिन्हाने दाखविलेली सोय आहे का? आणि केवळ चित्र दाखविण्यासाठी ते आपले संपर्क व संदेश वाचण्याची परवानगी का मागते? शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ते ॲप घेऊ नये. सुरुवातीस यूट्यूबवरील ३६० अंशांच्या चित्रफिती व ‘आर्ट्स अँड कल्चर’ एवढे साहित्य पुष्कळ झाले. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने ‘क्युरिऑसिटी’ यानाने टिपलेली मंगळावरील वाळूच्या टेकडीची गोल चित्रे २०१६ मध्ये याच मार्गाने सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. सभोवती दिसणारे प्रत्येक चित्र खोली दाखवितेच असे नाही. स्ट्रीट व्ह्यूसारख्या चित्रात दोन्ही डोळ्यांना एकच देखावा मिळतो. आपण गोल भिंतीवरील चित्राच्या मध्यभागी उभे असल्यासारखे वाटते. खोलीसाठी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली ‘थ्री-डी’ चित्रफीत लागते. पहिला प्रकार पाहून निराश झालेल्यांनी दुसरा पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

जिल्ह्यासाठी उपयोग

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अकोल्यातील घाटघरच्या परिसरात पाऊस कोसळत असतो, त्याच वेळी जामखेड-कर्जतकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. पूर्वेकडील तालुक्यांतील शाळकरी मुलाला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आपल्याच जिल्ह्यात आहे, हे पुस्तकातून कळते. डोळ्यांना ते कधी दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या वयस्कर माणसाची गतही तीच. चौफेर टिपणारा कॅमेरा एका वर्गाने, एका सहलीत, एकदा नेला तर त्या दिवसाची चित्रे पुढील अनेक वर्गांना पाहता येतील. भुईकोट किल्ल्यासारख्या लष्कराच्या ताब्यातील वास्तूत मात्र परवानगीवाचून कॅमेरा नेऊ नये. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवासात होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला.

काही गोष्टींना गोल चित्र पुरत नाही. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले. आज ती शिल्पे जिल्ह्याबाहेरील संग्रहालयांत आहेत. अशा वस्तूभोवती फिरून ती पाहावयाची तर निरनिराळ्या कोनांतून शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकावर तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार करावी लागते. ती तयार झाल्यावर दायमाबादजवळच्या शाळेतील मुलालाही रथ हाकणारा तो पुरुष जवळून न्याहाळता येईल.

डोळे, डोके आणि ऊन

डोळ्यांना चित्र हलताना दिसते, पण कानातील तोलाचे इंद्रिय शरीर स्थिर असल्याचे सांगते. या विसंगतीमुळे काहींना मळमळते. एस.टी.च्या घाटप्रवासात ज्यांना त्रास होतो, त्यांनी पाळण्याच्या आणि झुल्यांच्या चित्रफितींपासून दूर राहावे. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत, तीही खुर्चीवर बसून. उभ्याने पाहणारा माणूस भिंतीवर वा चुलीवर आदळू शकतो. फिट येण्याचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय पेटी लावू नये. लहान मुलांबाबत कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. स्वतंत्र हेडसेटसाठी मेटा कंपनीची वयोमर्यादा आधी १३ वर्षे होती. २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर ती १० करण्यात आली. पुठ्ठ्याच्या पेटीबाबतही मोठे माणूस शेजारी असावे आणि एका मुलाचे पाहणे झाले की पेटी दुसऱ्याकडे जावी. वर्गात हात बदलताना भिंगांभोवतीची कड कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावी.

वापर संपल्यावर मोबाईल पेटीतून काढावा आणि पेटी खिडकीत किंवा अंगणात ठेवू नये. एप्रिल-मेच्या नगरी उन्हात भिंगांतून एकवटलेला सूर्यकिरण मोबाईलचा पडदा काही वेळातच जाळतो, आणि रिकामी पेटी असली तरी पुठ्ठ्याला डाग पडतो.